ट्युशन घेऊन कमवायचंय? आधी डिचोली बाजारातल्या झेरॉक्सच्या दुकानात जा

मी बारावी सायन्सला आहे, गोव्यात डिचोलीजवळच्या लामगावात राहते आणि पाचवी ते सातवीच्या मुलांच्या शिकवण्या घेते. "तुला ह्या ट्युशन मिळाल्या कुठून?" असं शाळेत, बसमध्ये, अगदी देवळातसुद्धा कोणी ना कोणी विचारतं. विचारणारे बहुतेक माझ्याच वयाचे, आणि त्यांना पैशांची खरोखर गरज असते. कोणाला नीटच्या क्लासची फी भरायची असते, कोणाला घरी हातभार लावायचा असतो. लोहखनिजाच्या खाणी बंद पडल्यापासून आमच्या तालुक्यातल्या, खनिज वाहणाऱ्या ट्रकवाल्यांच्या घरांनी काय काढलंय ते बाहेरच्यांना सांगून कळायचं नाही. 2012 ला पहिल्यांदा, मग सुप्रीम कोर्टाच्या निकालाने 2018 च्या मार्चपासून पुन्हा. आता काही ठिकाणी काम सुरू झालंय, पण विकलेले ट्रक काही परत आले नाहीत. हा विषय माझ्या जवळचा आहे, म्हणून ट्युशन मिळवायच्या तिन्ही वाटांबद्दल जे पाहिलं ते सविस्तर लिहिते आहे.

तीन वाटा म्हणजे मोबाईलवरचं ट्युटर शोधून देणारं ॲप, होम ट्युशनचा ब्यूरो, आणि डिचोली बाजारातल्या एका झेरॉक्स-स्टेशनरीच्या दुकानातला बोर्ड. माझं मत आधीच सांगते. तुम्ही अकरावी-बारावीत असाल आणि डिचोली, साखळी, मये ह्या पट्ट्यात राहत असाल, तर पहिल्या दोन वाटांवर वेळ घालवू नका. सरळ दुकानात जा.

दुकानाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. ते चालवणाऱ्या काकींनीच नको म्हटलं. नाव छापून आलं की लांबलांबचे फोन सुरू होतील, आणि ज्या घराची माहिती नाही तिथे त्या कोणाच्या मुलीला पाठवणार नाहीत. पण डिचोलीत राहणाऱ्याला शोधायला पाच मिनिटंही लागायची नाहीत. शाळेची पुस्तकं घ्यायला आणि प्रोजेक्टचे प्रिंट काढायला जिथे सगळे जातात तेच ते.

बोर्ड दिसायला अगदी साधा आहे. प्लायवूडवर हिरवं कापड, त्यावर टाचण्या, आणि पोस्टकार्डाएवढ्या चिठ्ठ्या. डाव्या बाजूला "शिकवणी हवी", उजव्या बाजूला "शिकवणी देणार". प्रत्येक चिठ्ठीच्या कोपऱ्यात काकी स्वतःच्या हाताने तारीख घालतात, आणि महिना झाला की चिठ्ठी काढून टाकतात. ही गोष्ट लहान वाटेल, पण तिचं महत्त्व ॲप वापरल्यावर कळतं. बोर्डावर जे लावलंय ते आजचं आहे, एवढी खात्री तरी असते.

खरं काम मात्र बोर्डावर होत नाही, काउंटरमागच्या लांबड्या वहीत होतं. बोर्डावरच्या चिठ्ठीवर मुलींचा फोन नंबर लिहायचा नाही, हा काकींचा नियम आहे. चिठ्ठीवर फक्त "बारावी सायन्स, लामगाव, पाचवी ते सातवी सर्व विषय" एवढंच. नंबर वहीत. एखादी आई चिठ्ठी वाचून विचारायला आली की काकी आधी तिलाच विचारतात: घर कुठे, मूल कोणत्या शाळेत, शिकवायला बसणार कुठे, त्या वेळी घरात कोण असतं. हे सगळं वहीत उतरवतात. मग आमच्या घरी फोन करतात, आणि तोही आईला. आई आणि मी एकदा त्या घरी जाऊन येतो, चहा होतो, बोलणं होतं, आणि मग ठरतं. ह्यात चार-पाच दिवस जातात. कोणाला ही ढिलाई वाटेल. मला तरी ही ह्या सेवेतली सगळ्यात मोठी गोष्ट वाटते. सतरा वर्षांच्या मुलीला अनोळखी घरी संध्याकाळी जायचं असतं, तेव्हा दोन्ही घरांना ओळखणारं एक माणूस मध्ये असणं ह्याची किंमत कोणतंही ॲप लावू शकत नाही.

तुमची चौकशीही तितकीच होते, हे ध्यानात ठेवा. मी पहिल्यांदा चिठ्ठी घेऊन गेले तेव्हा काकींनी विचारलं, कोणाची तू, कितवीला, दहावीला गणितात किती. मग समोरची एक वही उघडून एक गणित माझ्यापुढे ठेवलं आणि म्हणाल्या, "हे मला समजावून सांग. मी गणित कधीच सोडलं." मी सांगत असताना त्या मध्येमध्ये "का पण?" विचारत होत्या. नंतर मला कळलं, त्या सगळ्यांनाच असं बसवतात. ज्याला घाई होते, जो उत्तर सांगून मोकळा होतो, त्याची चिठ्ठी बोर्डावर लागते खरी, पण काकी आपणहून त्याचं नाव कोणाला सुचवत नाहीत.

पैसे? काही नाही. ना चिठ्ठीचे, ना कमिशन. काकींचा हिशेब सरळ आहे: शिकवणी सुरू झाली की वह्या, ग्राफ पेपर, जुन्या प्रश्नपत्रिकांच्या झेरॉक्स त्यांच्याकडूनच जातात. दोघांचंही भागतं.

आता ॲपबद्दल. त्याचंही नाव लिहीत नाही, कारण अशी बरीच आहेत आणि चालतात जवळपास एकाच रीतीने. माझ्या वयामुळे मला स्वतःचं प्रोफाईल काढता आलं नाही, अटींमध्येच 18 वर्षं पूर्ण हवीत असं होतं. माझी मावसबहीण म्हापशाला टीवाय बीएस्सीला आहे. तिने प्रोफाईल काढलं आणि आम्ही दोघींनी बसून ते वापरलं. प्रोफाईल फुकट. मग "तुमच्या जवळ विद्यार्थी आहे" असा मेसेज येतो. नाव अर्धवट, नंबर झाकलेला. नंबर उघडायचा तर कॉइन लागतात आणि कॉइन विकत घ्यायचे. बहिणीने सर्वांत लहान पॅक घेतलं. तोच नंबर बाकीच्या ट्युटरनाही विकला जातो, म्हणजे तुम्ही फोन करेपर्यंत त्या पालकाला आधीच चारजणांचे फोन गेलेले असतात आणि तो वैतागलेला असतो. "जवळ" म्हणजे पर्वरी, पणजी, वास्कोसुद्धा. डिचोलीतली एक चौकशी मिळाली खरी, पण त्या बाईंनी शांतपणे सांगितलं की मुलगा आता पुढच्या वर्गात गेला आणि शिकवणी केव्हाच लागली. कॉइन गेले ते गेलेच. परत मागायचे तर फॉर्म भरायचा, आणि त्या फॉर्मला उत्तर आलं नाही.

पणजी-मडगावला राहणाऱ्या, पदवी हातात असलेल्या माणसाला ह्यातून काम मिळत असेल. आमच्यासाठी ते नाही. परदेशी साइटवरही हीच गोष्ट आहे. प्रेप्ली, कॅम्ब्ली ह्यांच्यावर शिकवायला अठरा पूर्ण लागतात. ह्याला कारणही आहे. 1872 च्या भारतीय करार कायद्याच्या कलम 11 प्रमाणे अज्ञान व्यक्तीला, म्हणजे अठराच्या आतल्याला, करार करता येत नाही, आणि ॲपवर "मान्य आहे" दाबणं हा करारच. त्यामुळे जन्मतारीख खोटी घालून प्रोफाईल काढायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. उद्या पैसे अडकले तर तुम्ही कोणत्या तोंडाने भांडणार?

अठराच्या आतल्यांना उघडपणे शिकवू देणारी एक जागा मात्र आहे: स्कूलहाऊस डॉट वर्ल्ड. खान अकॅडमीवाल्या सल खान यांनी 2020 मध्ये सुरू केलेली. तिथे पैसे मिळत नाहीत, शिकणाराही फुकट शिकतो आणि शिकवणाराही फुकट शिकवतो. पण शिकवायला परवानगी मिळण्याआधी गणित सोडवताना आपण कसा विचार करतो ते मोठ्याने बोलत रेकॉर्ड करावं लागतं. ती सवय माझ्या फार कामी आली. कमाईसाठी नाही, सरावासाठी जरूर बघा. इंग्रजीत बोलण्याची भीड चेपते, तो वेगळा फायदा.

ब्यूरोचा अनुभव मी थोडक्यात सांगते, कारण त्यात सांगण्यासारखं थोडंच आहे आणि जे आहे त्याचा मला राग आहे. आमच्या भागात काम करणाऱ्या एका ब्यूरोने आधी रजिस्ट्रेशन फी मागितली, वर पहिल्या महिन्याची अर्धी फी त्यांची. ठीक आहे, त्यांचा धंदा आहे. पण मी बारावीला आहे म्हटल्यावर फोनवरचा माणूस म्हणाला, "काही नाही, पालकांना बीएस्सी करतेय म्हणून सांगायचं, कोण विचारतं?" विचारलं नाही तरी मला रोज त्या मुलासमोर बसायचं असतं. मी फोन ठेवला. तुम्हालाही कोणी असं सांगितलं तर ठेवा.

मोठ्या क्लासमध्ये शिकवायला मिळेल का, असंही बरेचजण विचारतात. नाही. केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने जानेवारी 2024 मध्ये कोचिंग सेंटरांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. 50 हून जास्त विद्यार्थी असलेल्या सेंटरने पदवीधर नसलेला शिक्षक ठेवू नये असं त्यात स्पष्ट आहे. क्लासवाले आपल्याला फार तर पेपर तपासायला किंवा टेबलावर बसायला ठेवतील. घरच्या सोप्यात, म्हणजे ओसरीवर, चार मुलं घेऊन बसणं ह्या सूचनांत येत नाही. दुसऱ्या बाजूने, 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 28 प्रमाणे शाळेतल्या शिक्षकांना खाजगी शिकवणी घेता येत नाही. मग लहान मुलांसाठी उरतं कोण? निवृत्त शिक्षक, घरी असलेल्या शिकलेल्या बायका, आणि आपण.

आता ज्या गोष्टीसाठी मी हे सगळं लिहायला घेतलं तिच्याकडे येते. अकरावीतली मुलं चिठ्ठी लिहितात तेव्हा मोठ्या हौसेने "दहावी गणित, विज्ञान" लिहितात. त्यांना वाटतं, आत्ताच तर दहावी झाली, मार्कही चांगले आहेत, तेच शिकवू. त्या चिठ्ठ्या महिनाभर बोर्डावर राहतात आणि निघतात. दहावीच्या मुलाचे आईवडील त्याला नावाजलेल्या क्लासला घालतात, सतरा वर्षांच्या पोराकडे देत नाहीत. त्यांचं चुकतं असंही नाही, बोर्डाचं वर्ष असतं.

आपली गरज आहे पाचवीला. गोव्यातल्या बहुतेक सरकारी प्राथमिक शाळा मराठी किंवा कोंकणी माध्यमाच्या. आमच्या भागातल्या वाड्यावाड्यांवरची मुलं चौथीपर्यंत मराठीत शिकतात, आणि पाचवीला हायस्कुलात गेली की एका उन्हाळ्यात सगळं इंग्रजीत होतं. गणित इंग्रजीत, विज्ञान इंग्रजीत, इतिहास-भूगोल इंग्रजीत. चौथीला पहिल्या बाकावर बसणारं मूल पाचवीच्या पहिल्या चाचणीत नापास होतं, आणि घरच्यांना वाटतं ह्याचं अभ्यासातलं लक्ष उडालं. मी स्वतः मराठी प्राथमिक शाळेतून आलेली. पाचवीचे पहिले सहा महिने माझ्या आयुष्यातले सगळ्यात वाईट होते. वर्गात प्रश्न विचारला की मी मान खाली घालून दप्तराचा बंद आवळत बसायचे. त्यामुळे त्या मुलाला नेमकं काय होतंय हे मला कळतं, आणि सगळं शिक्षण इंग्रजीत झालेल्या बीएस्सीवाल्याला कळेलच असं नाही.

डिचोलीतल्या बोर्डे भागातला एक मुलगा माझ्याकडे येतो. सुरुवातीच्या दिवसांत त्याच्या वहीत एक गणित होतं. एका दुकानदाराकडे 3 डझन अंडी होती, त्यातली 7 फुटली, तर किती उरली? प्रश्न अर्थातच इंग्रजीत. ह्याने उत्तर लिहिलं होतं 43, आणि बाजूला लाल फुली. मी तेच गणित मराठीत सांगायला सुरुवात केली तर माझं वाक्य पुरं व्हायच्या आत तो म्हणाला, "एकोणतीस." म्हणजे वजाबाकी येते, डझन म्हणजे बारा हेही पाठ. त्याने प्रश्न वाचलाच नव्हता. आकडे दिसले, छत्तीस आणि सात मिळवले, झालं. त्याच्या वर्गातली अर्धी मुलं असंच करत असणार.

मग आम्ही एक रीत ठरवली. गणित समोर आलं की आधी दोन्ही हातांचे अंगठे आकड्यांवर ठेवायचे. आकडे झाकले की वाचायला फक्त शब्द उरतात. आता गोष्ट काय घडली ते सांग, मराठीत सांग. कोणीतरी दुकानदार होता, त्याच्याकडे काहीतरी होतं, त्यातलं थोडं फुटलं. मग उरलेलं जास्त की कमी? कमी. आता अंगठे काढ. पहिले काही आठवडे तो एकेका शब्दाला अडायचा आणि मी सांगायचे. हळूहळू तो शब्द स्वतःच एका छोट्या वहीत उतरवायला लागला, आणि आता अंगठे ठेवायचं त्याला सांगावं लागत नाही. एकदा त्याची आई मला अडवून म्हणाली, "हो आतां बिल वाचतना लेगीत आंगठे दवरता." म्हणजे हा आता बिल वाचतानासुद्धा अंगठे ठेवतो. वीजबिलावर! मला इतकं बरं वाटलं की घरी येऊन मी ते आईला दोनदा सांगितलं.

हे काम कुठल्याही ॲपच्या यादीत सापडायचं नाही. तिथे "इयत्ता", "विषय", "बोर्ड" असे रकाने असतात. "चौथीपर्यंत मराठीत होता आणि आता बुजलाय" हा रकाना नसतो. काकींच्या वहीत तो असतो. माझ्याबद्दल त्यांनी तिथे लिहून ठेवलंय, "मराठी शाळेतून आलेली, पाचवीला चांगली." त्या एका ओळीने मला कोणत्याही जाहिरातीपेक्षा जास्त काम दिलं. म्हणून चिठ्ठी लिहिताना तुम्हीही हे लिहा: कुठल्या माध्यमातून आलात, कोणत्या वाड्यावर चालत किंवा सायकलने जाऊ शकता, आणि किती वाजेपर्यंत. मार्क दुसऱ्या ओळीत.

पैशांबद्दल मोकळेपणाने बोलते, कारण इथे सगळेजण अडखळतात. मी गटात एका मुलाचे महिन्याला 700 रुपये घेते. आठवड्यातून तीन दिवस, दीड तास, चार मुलं, लामगावातच एका घराच्या सोप्यात. त्या घराने जागा दिली म्हणून त्यांच्या मुलीचे 400. एकट्याला घरी जाऊन शिकवायचं असेल तर 1500. महिन्याच्या पाच तारखेच्या आत, आगाऊ. चतुर्थीच्या सुटीचे पैसे मी कापत नाही, पण परीक्षेआधी तेवढे दिवस भरून देते, आणि हे पहिल्याच भेटीत आईसमोर बोलून ठेवते.

"तू घरचीच ना" म्हणणारे भेटतील. शेजारी, आईच्या मैत्रिणी, लांबचे नातेवाईक. त्यांच्या मुलांनाही मी शिकवते आणि पैसेही घेते, शंभरेक रुपये कमी करून. फुकट शिकवलं तर दोन महिन्यांत मूल यायचं बंद होतं, आणि कोणाला वाईटही वाटत नाही. पैसे दिले की आई मुलाला वेळेवर धाडते. एका घरी एका महिन्याला पैशांची ओढ होती तर त्यांनी नारळ आणि वर्षाची सोलं (आमसुलं) दिली. ती मी आनंदाने घेतली, आणि तो महिना हिशेबाच्या वहीत भरला म्हणून लिहिला. अडचण असते तेव्हा असं करावं. पण तो निर्णय तुमचा असू द्या, गृहीत धरलेला नको.

पैसे आईच्या फोनवर यूपीआयने येतात आणि मी ते महिन्याच्या शेवटी माझ्या खात्यात भरते. दहा वर्षांवरच्या मुलांना स्वतःच्या सहीने बचत खातं चालवता येईल अशी मुभा रिझर्व्ह बँकेने 2014 मध्येच बँकांना दिली आहे. तुमच्या बँकेत जाऊन विचारा. स्वतःच्या पासबुकावर स्वतःच्या कमाईची नोंद बघणं हे वेगळंच असतं.

दुकानात सगळंच चांगलं आहे असं नाही, तेही सांगायला हवं. काकी फी खाली ओढतात. पालकांना त्या माझ्यादेखत म्हणाल्या आहेत, "पोर अजून शिकतेच आहे, पाचशे द्या." त्यांचा हेतू वाईट नाही, समोरच्या घराची परिस्थिती त्यांना माहीत असते. पण तिथेच, त्याच वेळी, आपला आकडा आपण सांगावा. मी सांगते, आणि काकी मानतात.

दुसरं, मुलग्यांना इथून शिकवणी मिळायला फार उशीर लागतो. आया मुलगीच मागतात, विशेषतः मुलीला शिकवायला. माझ्या वर्गातला एक मुलगा गणितात माझ्यापेक्षा हुशार आहे आणि शिकवतोही शांतपणे, पण त्याची चिठ्ठी पुन्हा पुन्हा लावावी लागली. शेवटी त्याचे आजोबा त्याच्यासोबत दुकानात येऊन बसले, दोन-तीन पालकांशी स्वतः बोलले, तेव्हा काम झालं. आता त्याच्याकडे सातवीचे तीन मुलगे आहेत. हे मला पटत नाही, पण आहे ते असं आहे. मुलग्यांनी घरच्या वडीलधाऱ्या माणसाला घेऊनच जावं.

तिसरं, कॉमर्सवाल्यांना इथे काहीच नाही. अकाउंट्स शिकवायला कोणी बारावीचा मुलगा मागत नाही. त्यांनीही पाचवी-सहावीचंच बघावं. आणि पावसात बोर्डाची दशा होते. दुकानाच्या दारातच असल्यामुळे झडीने चिठ्ठ्या भिजतात, शाई उतरते, जुलैत तर काहीच वाचता येत नाही. चिठ्ठी बॉलपेनने लिहा आणि वर सेलोटेप लावा. काकींनी बोर्ड आत भिंतीवर घ्यावा असं मी त्यांना सांगितलंय. आत जागा नाही म्हणतात, पण कॅलेंडरांची भिंत आहे ना!

वेळेचंही सांगते. 2025 मध्ये सहावीपासून दहावीपर्यंतचे वर्ग जूनची वाट न बघता एप्रिलमध्येच सुरू झाले, तेव्हा चिठ्ठी मार्चअखेर लावलेली बरी. पाचवीच्या मुलांची खरी गर्दी मात्र पहिल्या चाचणीचे पेपर घरी गेल्यावर होते. त्या आठवड्यात काकींची वही भरून जाते, म्हणून त्याच्या आधी आपलं नाव तिथे असू द्या. आणि तुम्ही बारावीत असाल तर पहिल्याच दिवशी पालकांना सांगून ठेवा की डिसेंबरनंतर तुम्ही नसाल. आपली बोर्डाची परीक्षा फेब्रुवारीत असते. मुलाला मध्येच सोडून जाणं त्याच्यावर अन्याय आहे. आधी सांगितलं तर ते अकरावीतल्या कोणालातरी धरून ठेवतात. मी माझ्या चारही मुलांच्या आयांना जूनमध्येच सांगितलंय, आणि पुढची मुलगी ऑक्टोबरपासून माझ्यासोबत येऊन बसणार आहे, म्हणजे मुलांना तिची सवय होईल.

दुकान दुपारी एक ते चार बंद असतं, रविवारी पूर्ण बंद. बुधवारी बाजाराचा दिवस, त्या दिवशी काकींना मान वर करायला फुरसत नसते, चिठ्ठी देऊन परत यावं लागेल. गुरुवारी सकाळी साडेनऊच्या सुमारास जा, आईला किंवा बाबांना सोबत घेऊन जा, दहावीच्या मार्कलिस्टची झेरॉक्स तिथेच काढा, आणि काकींनी पुढे वही सरकवून "हे मला समजावून सांग" म्हटलं की अजिबात घाई करू नका.